ठरावावरचं कुंकू

४ जून, गुरुवार
कंपनीच्या ठरावावर परराष्ट्र खात्याचा अपोस्टीलचा स्टिकर लागला, म्हणजे कागद आता परदेशात चालेल. मुंबईहून आमचे एजंट सलीमभाई यांचा फोन: "मॅडम, हातात आहे माझ्या." त्यांच्या हातात म्हणजे खरंच हातात. अंबड एमआयडीसीतले माझे अशील संजयभाऊ आता हॉलंडच्या बँकेत कंपनीचं खातं उघडू शकतील. बँकेची मुदत १९ जून. खातं नाही तर तिकडची व्हॉल्व्हची पहिली ऑर्डर दुसऱ्याला.

५ जून, शुक्रवार
कागद आला. नोटरी, चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का, मागे स्टिकर. सगळं जागेवर. संजयभाऊ स्वतः न्यायला आले. बजावलं, पिन काढायची नाही, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही; पानं सुटली की कागद बाद.
"हातसुद्धा लावणार नाही, मॅडम."

६ जून, शनिवार
सकाळीच फोन. "मॅडम, पिन नाही काढली."
"मग?"
"आईने देवापुढे ठेवला."
कमलमावशी, म्हणजे त्यांच्या आई, दुसऱ्या संचालक. नोटरीच्या शिक्क्यावरच ओलं हळदकुंकू. फोन घेऊन म्हणाल्या, "शुभ काम शे ना ताई, कुकूबिगर कसं धाडानं?"
कंपनीच्या नोंदणीच्या दाखल्याला त्यांनी कुंकू लावलं तेव्हा शेजारी उभी राहून पेढा मीच खाल्ला होता. या कागदाला लावू नका, हे सांगायला हवं होतं मी. राहिलं.
बँकेला फोटो पाठवला, खरं काय ते लिहिलं.

८ जून, सोमवार
बँकेच्या बाईंचं उत्तर: खुलासा समजला, पण डाग शिक्क्यावर आहे. नवी प्रत द्या. मुदत तीच.
ठीक. ठराव शाबूत आहे, पुन्हा मीटिंग नको. फक्त नवी प्रमाणित प्रत, दोघांच्या सह्या, आणि पुन्हा सगळ्या पायऱ्या. वेळ आहे. पुरेल.
मावशी सहीला ऑफिसात आल्या. पर्समध्ये करंडा. सही केली, हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, "झेरॉक्स देते, तिला लावा."
"झेरॉक्सचं देवाला चालतं का?"
"बँकेला चालतं."
हसल्या. संजयभाऊ हसले नाहीत. दुपारपर्यंत नोटरी, संध्याकाळी चेंबर.

९ जून, मंगळवार
पहिल्या गाडीने ऑफिसचा माणूस कागद घेऊन मुंबईला. अकराला सलीमभाई: "मिला. फिर से वही कागज?" म्हटलं, हो, तोच. का ते सांगितलं नाही.

१२ जून, शुक्रवार
सलीमभाई: कागद परराष्ट्र खात्यात आत आहे, सोमवारी बाहेर येईल. कुरिअरवर सोडायचा नाही असं ठरलं. संजयभाऊ स्वतः हॉलंडला नेणार; तिकीट बुधवारचं, बँकेत गुरुवारी. एक दिवस शिल्लक. मी यापेक्षा कमी दिवसांत कामं काढली आहेत.
मंगळवारी कागद नाशकात. रात्रभर माझ्या कपाटात, बुधवारी सकाळी थेट त्यांच्या बॅगेत.
मावशींचा निरोप: निघताना नारळ फोडायला येते.
कळवलं, या. गाडीपुढे फोडू. बॅग मी धरून उभी राहीन, लांब.