रेस दिली की दम घेतं

४ फेब्रु. ८६, मंगळ.
आग्नेल आज होडी घेऊन अर्ध्यातूनच परत आला. "वैनी, मशीन अडतंय. रेस दिली की दम घेतं, मग एकदम उसळी मारतं." खाडीच्या तोंडाशी ओहोटीत होडी आडवी गेली, जाळ्यांच्या खुंटांना घासून वाचली म्हणे. पास्कूचा चुलतभाऊ, माझा दीर. नाताळापासून होडी तोच नेतो.
पास्कू खाटेवरून ऐकत होता. लकवा झाल्यापासून उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कान शाबूत आहेत. आग्नेलला म्हटलं बाहेर बोलू, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

६ फेब्रु., गुरु.
फिल्टर नवा घातला. आग्नेल नि मी, दोघांनी टाकी रिकामी केली, डिझेल मलमलच्या कपड्यातून गाळलं. तळाला पाणी, गंजाचा चुरा. वाटलं, हेच. आग्नेल एक फेरी मारून आला. तेच.
साबण लावून लावून हात सोलले, वास जात नाही. चहा पाजताना पास्कूनं माझी बोटं हुंगली. डोळे भरले त्याचे. माझीच चूक, आधी नीट धुवायला हवे होते. की नको होते, कोण जाणे.

९ फेब्रु., रवि.
चर्चला मिसाला गेले नाही. मालवणीहून अब्बास मिस्त्री आला. धक्क्याला बांधलेल्या होडीत मशीन चालू केलं. रेस दिली, कमी केली, परत दिली. एकदाही अडलं नाही.
"इथं तर झकास चालतंय, बाई."
आग्नेल चिडला. "इथं चालतंच रे. पाण्यात लोड आला की बघ."
मिस्त्री म्हणतो, पंप खोलून मालाडला न्यावा लागेल. कुठून एअर घेत असेल, म्हणजे डिझेलमध्ये हवा शिरत असेल, तर तेही बघतो. मी म्हटलं, थांब दोन दिवस. खोललेला पंप परत कधी येतो ते ठाऊक आहे.
घरी सोडून जाताना आग्नेल दारात म्हणाला, "विकून टाक वैनी. कुणासाठी ठेवतेस?" खिडकी उघडी होती.

१२ फेब्रु., बुध.
राखेचा बुधवार. कपाळाला राख, डोक्यावर मासळीची पाटी. शेजारची फिलूमेना पास्कूजवळ बसली म्हणून बाजार करता आला. तिचा नवरा गेल्यापासून तीही एकटीच. मालाडला माल लवकर खपला. स्टेशनच्या रस्त्यावर नवी बिल्डिंग चढतेय. दोन गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी भिंतीला धरून लेव्हल बघत होते. एकानं नळी हलवली, आत बुडबुडा सरकला. उभीच राहिले बघत. मिस्त्रीचं एअर घेणं डोक्यात होतंच. आपल्या होडीची डिझेलची नळी तांब्याची, आतलं काही दिसत नाही.
"काय बाई, काय हवं?"
"ही नळी कुठं मिळते?"
हार्डवेअरच्या दुकानातून हातभर घेतली. खाडी ओलांडताना तरीत मांडीवर धरून आणली. पास्कू असता तर हसला असता. पास्कू आहे. असं लिहायला नको होतं.

१५ फेब्रु., शनि.
आग्नेलनं फिल्टरच्या अलीकडे ती नळी बसवली. आता सुकाणू धरायला एक नि नळी बघायला एक. दुसरं कोण येणार? मीच चढले. इतकी वर्षं होडी घरात, पण मी कधी खाडीच्या तोंडापर्यंत गेले नव्हते. धक्क्यावर बायका बघत होत्या. एक म्हणाली, नवऱ्याची जागा घेतली गं. लागलं.
नळीपुढं उकिडवी बसले. हळू चालवलं तेव्हा डिझेल कसं स्वच्छ, हलतंय की नाही तेही कळेना. मग आग्नेल ओरडला, "देतो रेस!" आणि आले. बारीक बुडबुडे, मग मोठे, रांगच. मशीननं दम घेतला.
"एअर!" मी ओरडले. "एअर घेतंय रे!"
परत आलो, टाकीपासून एकेक जोड सोडवत गेलो. टाकीच्या वरच्या जोडाला, नटाच्या आत, तांब्याच्या नळीच्या तोंडाला केसासारखी चीर. बाहेर थेंब गळत नाही, फक्त जोरात ओढलं की हवा आत. पंप चांगलाच आहे.
एवढा आनंद झाला. घरी धावत आले, सगळं सांगितलं, हातवारे करून. पास्कू खिडकीबाहेर बघत राहिला. फिलूमेनाला सांगितलं, ती म्हणाली, बरं झालं गं, आणि मासळी निवडायला लागली. मग कुणाला सांगितलं नाही. इथं लिहितेय.

१८ फेब्रु., मंगळ.
मिस्त्रीनं चिरलेला तुकडा कापला, नळीला नवं तोंड केलं, नवा वॉशर. आग्नेल ओहोटीतच बाहेर गेला. मी खाटेशी बसून ऐकत होते. खाडीच्या तोंडाशी आवाज चढला. सरळ चढला, कुठं अडला नाही. पास्कूनं डोळे मिटले. झोपला म्हणावं तर पापण्या हलत होत्या.

२ मार्च, रवि.
आग्नेलचा व्हिसा आला. मस्कत. केव्हापासून खटपट चालली होती, मला आज सांगितलं. "मशीन ठीक करून जायचं होतं वैनी." पास्कूच्या पायांना हात लावला, जाताना मागं बघितलं नाही. मी चिडलेय की काय, तेच कळत नाही.

१० मार्च, सोम.
होडी धक्क्याला. रोज सकाळी जाऊन मशीन चालू करते, थोडं तापलं की बंद करते. एकटीनं बाहेर नेता येत नाही. लोक बघतात, विचारत नाहीत.

१४ मार्च, शुक्र.
गोराईचा एक जण होडी बघून गेला. मशीन ऐकून खूश. रविवारी परत येतो म्हणाला. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.
विचारलं. "विकू का रे?" पास्कूनं मान हलवली. "ठेवू का?" तशीच हलवली. पुन्हा विचारलं तर दमला, मान उशीत घातली. कपाळ पुसलं त्याचं. बसून राहिले.
मग उठून फिलूमेनाकडे गेले. ती दारात सुकट पसरत होती. म्हटलं, सुकाणू धरशील? मशीन मी बघते.
आधी हसली. पोहता येत नाही म्हणाली. मग सुकट सारखी करत राहिली.
मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, "उद्या भरती कधी आहे?"