पूर न आलेल्या वर्षाची गोष्ट

१७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण तू म्हणशील, पोरगी काहीतरी मागायला आलेली दिसते. आई बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? मामीला विचारून लिही, तुझ्या उत्तरावर माझा विश्वास नाही.

मामा, कधी एकदा तुला सांगते असं झालंय! ग्रंथपाल व्हायचं म्हणजे पुस्तकं लावायला शिकवतील, असं मला वाटलं होतं. इथे निघाला ‘माहिती साक्षरता’ नावाचा विषय. नाव ऐकूनच जांभई आली. पण शिकवणाऱ्या बाई भारी आहेत. काहीही सांगा, त्या विचारतात, कशावरून? बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी कशावरून. आम्ही त्यांचं नावच कशावरूनबाई ठेवलंय. त्यांनी प्रत्येकाला सगळ्या गावाला ठाऊक असलेली एकेक गोष्ट दिली आणि ती पहिल्यांदा कोणी सांगितली ते शोधून आणा म्हणाल्या.

माझ्या वाट्याला काय यावं? आपल्या वाचनालयाच्या पुराची गोष्ट. नदी चढली, ग्रंथपालांनी खिडकीतून शेजाऱ्यांच्या हाती पुस्तकं दिली, आणि पाणी ओसरल्यावर एकूण एक पुस्तक परत आलं. तुझ्याकडून ती ऐकतच मी मोठी झाले आणि तिच्यापायीच या वाटेला लागले. त्यात आता वाचनालयवाले ती दगडात कोरून दाराशी लावणार आहेत. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

कसलं काय! वाचनालयाची स्मरणिका म्हणते, माहिती पर्यटन पुस्तिकेतून घेतली. पुस्तिका म्हणते, वर्तमानपत्रातून. वर्तमानपत्रातला लेख म्हणतो, स्मरणिकेतून. घाण्याच्या बैलासारखी मी गोल फिरत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, “गोष्ट सोड, नदीला विचार.” म्हणून पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन पाण्याच्या नोंदी पाहिल्या. मामा, त्या वर्षी पूर कसला, नदी आटली होती. गावाला टँकरने पाणी आणत होते. मी तिथल्या तिथे हसत सुटले, आणि घरी येऊन रडले. खरंच रडले.

पण खरी गंमत पुढेच आहे. वाचनालयातलं ‘पुरातली पुस्तकं’ असं लिहिलेलं कपाट मी उघडून बसले. प्रत्येक पुस्तकावर कोणा ना कोणाचं नाव, आणि वाचनालयाचा शिक्का गोष्ट छापून आल्यानंतरचा. म्हणजे ती पुस्तकं आधी वाचनालयाची नव्हतीच! वाचनालय तेव्हा बंद पडायला आलं होतं. लोकांनी गोष्ट वाचली आणि घरची पुस्तकं ‘पुरात आमच्याकडे दिलेली’ म्हणून आणून दिली. प्रत्येकाला त्या गोष्टीत आपलं घर हवं होतं.

ही गोष्ट जिच्यात पहिल्यांदा छापून आली, ती बातमी परवा वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत सापडली. खाली नाव नाही. शेवटी ग्रंथपाल म्हणतात, “भिजलेलं पुस्तक वाळतं, न वाचलेलं मात्र कुजतं.”

हे वाक्य आपल्या घरात कोण म्हणतं, ते मी बाईंना अजून सांगितलेलं नाही. तू तेव्हा नुकताच त्या वर्तमानपत्रात लागला होतास. आई म्हणाली, “जाऊ दे ना, या वयात मामाचं नाक कापू नकोस.” तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते.

सोमवारी मला हे सगळं वाचनालयाच्या समितीपुढे मांडायचंय. दगड त्यानंतरच कोरायला देणार आहेत. ‘मूळ स्रोत’ची जागा मी कोरी ठेवली आहे, पण ती कोरी राहणार नाही, मामा. आज तुझ्यासाठी सोडली तर उद्या आणखी कोणासाठी सोडेन, आणि मग ग्रंथपाल झाल्यावर माझ्या कपाटातल्या कागदांवर कोणी का विश्वास ठेवावा?

फक्त मी नाव लिहिण्याआधी तूच येऊन सांगावंस, असं मला फार वाटतं. मी ते टिपून वाचनालयात कायमचं ठेवीन. पूर आला नाही, तरी गावाने पुस्तकं आणली, हे दगडावर आलं तर तुझ्या गोष्टीपेक्षा कमी नाही. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, स्टँडवर घ्यायला मी येते.

शाळेतल्या पहिल्या भाषणाला मी व्यासपीठावर चढायला तयार नव्हते, तेव्हा तू म्हणाला होतास, “तू बोल. मी शेजारी उभा आहे.” तू येशील, मला खात्री आहे. कशावरून, ते तू तरी विचारू नकोस.

सोमवारी तुझ्या शेजारी उभी राहणारी,
तुझी भाची