ढगाच्या पोटाचा उजेड

उधना, सुरत
होळीनंतरचा मंगळवार

प्रिय योगराज,

हे 'प्रिय' महेशने सांगितलं म्हणून लिहिलं. पत्राला लागतं म्हणे. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात साड्यांना लेस लावून बोटं वाकडी झालेली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. महेश म्हणत होता, काकू, फोनवर दोन ओळी टाकून देतो, मिनिटाचं काम. मी नको म्हटलं. हे पत्र तो तुमच्या हजीऱ्याच्या ऑफिसात देईल आणि बोट केपटाऊनला लागली की तुला मिळेल. पाय जमिनीवर असतील तेव्हाच वाच.

इथे तसंच चालू आहे. खालच्या मजल्यावरचे लूम पुन्हा दोन पाळ्यांत सुरू झाले, भिंत थरथरते. प्रमिलाबाईंनी तुझ्यासाठी पाहिलेल्या नंदुरबारच्या मुलीचं लग्न झालं. बारडोलीला दिली, जावई साखर कारखान्यात आहे. चांगली नांदते. नुसतं सांगते, टोमणा नाही. असेल थोडा.

त्याच मुलीवरून तर आपलं बिघडलं. सुपारी फुटायची ठरली होती आणि तू दिवाळीच्या पाडव्याला बॅग उचललीस. बोटीवर स्वयंपाकी, ते पण पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला. सगळ्या भाऊबंदांत माझं नाक गेलं. राग आला की मला मागचं पुढचं दिसत नाही, तुला माहीत आहे. पुढे अक्षय्य तृतीया आली, आपली अखाजी. तुझ्या आजोबांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. आणि तिच्या शेजारी मी दुसरी घागर मांडली. महेशच्या आईने विचारलं, ही कोणाची? मी तुझं नाव घेतलं. ती घागर मेलेल्यांसाठी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच मांडली.

हे तुला कोणी सांगितलं नसेल. आप्पांनी तर नाहीच, बापच ना तुझा. ते ताटावरून उठले, तुझ्या नावाची घागर उचलली आणि नेऊन ओट्यावर ठेवली. लूमच्या आवाजाने कान गेलेला माणूस, बोलायचे ते ओरडल्यासारखं. त्या दिवशी मात्र हळू बोलले. "हाई जित्ता माणूसनी घागर शे. मी हिनंच पानी पिसू." झालं. तेव्हापासून फ्रिजच्या बाटलीला हात लावला नाही. पाळीवरून आले की माझ्यासमोर उभं राहून त्या घागरीचं दोन तांबे पाणी प्यायचे. मी तोंड फिरवून घ्यायची.

मग पावसाळ्यात तुझा तो फोटो आला. काळं पाणी, वर राखाडी आभाळ आणि ढगाच्या खालच्या कडेला पांढरा पट्टा, चुना फासल्यासारखा. खाली तू लिहिलं होतंस की बर्फ अजून लांब आहे, डोळ्याला दिसत नाही, पण त्याचा उजेड ढगाच्या पोटावर पडतो. जुने खलाशी तेवढ्यावरून ओळखायचे, पुढे बर्फ आहे, आणि बोट वळवायचे. आप्पांनी ते मला चारदा वाचून दाखवलं. संध्याकाळी हाताला धरून गच्चीवर नेलं. म्हणाले, हजीऱ्याच्या कारखान्यांची आग इथून दिसते का? नाही ना, मधे बिल्डिंगी आहेत. आता ढग बघ, खालून तांबडा आहे. योगराजचं असंच, फक्त पांढरं. एवढे खूश होते, जसं काही तो बर्फ यांनीच घडवला. मी म्हटलं, ढग बघून पोट भरत नाही, खाली शंभर साड्या पडल्यात. आणि उतरून आले. ते मागून आले. तीन जिन्यांत दोनदा बसले. मी खालून ओरडले, चहा निवतो म्हणून.

आता लेस लावताना तेच डोळ्यासमोर येतं. जिन्यात बसणं, अर्धा चहा टाकणं, रविवारी दाढी न करता पडून राहणं. सगळं माझ्यासमोर होतं. मला वाटायचं, पोरासाठी झुरायचं सोंग आहे, मला दाखवायला. एकदा म्हणाले, छातीत जड वाटतं. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, त्या घागरीचं पाणी प्यायचं सोडा, मग हलकं वाटेल.

योगराज, आप्पा गेले. संक्रांतीच्या आदल्या गुरुवारी, मशीनजवळ उभे होते तिथेच. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. महेश लगेच तुला कळवत होता, मी त्याच्या हातातला फोन हिसकावला. म्हटलं, पोरगा बर्फात आहे, एकटा आहे, तिथे कोणाच्या गळ्यात पडून रडेल. तेही खरं. पण जिवंत माणसाची घागर मी मांडली आणि घरातून माणूस गेलाच, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू आप्पांच्या फोनवर फोटो पाठवत राहिलास. त्यांना टाइप करता यायचं नाही, नुसता अंगठा पाठवायचे. संक्रांतीपासूनचे अंगठे माझे आहेत. अखाजीला त्यांची पहिली घागर आहे, ती तू भरायची. मी आता मेलेल्यांच्या घागरींना हात लावणार नाही. माझ्याशी बोलू नकोस, पण ये. ती तुझ्या नावाची घागर अजून ओट्यावरच आहे. रोज धुते, रोज भरते, पीत कोणी नाही. आलास की आधी तिचं पाणी पी. माझ्यासमोर उभं राहून पी.

तू म्हणशील तर, तुझीच
आई