पाठ फिरवून प्यायचं सूप

४ नोव्हेंबर, सोमवार. मांतोवा

आले एकदाची सावोनाहून! पाठीवर नवऱ्याची, एर्मेसची सॅक. एकसष्टाव्या वर्षी हे सोंग — कंबरेचा काटा ढिला झाला.

अकरा वर्षं तो दर नोव्हेंबरात चार दिवस मिलानला जायचा. सुतारकामाच्या हत्यारांचं प्रदर्शन, म्हणे. मार्चमध्ये वारला. गेल्या आठवड्यात माळ्यावरून त्याची सॅक काढली, तर आतल्या कप्प्यात काय? मांतोवाच्या हॉस्टेलच्या पावत्या, अकराच्या अकरा. आणि एक कागदी रुमाल. त्यावर बाईचं अक्षर — नोएमी. खाली फोन नंबर!

मिलान कुठे, मांतोवा कुठे. मी फोन केला नाही. फोनवर माणूस खोटं बोलतं, तोंडावर बोलायला छाती लागते.

मुलीला फक्त 'फिरायला जाते' म्हणून सांगितलं. लोरेदाना केवढी बोंबलली — "आई, कुठे? कुणाबरोबर? सॅक कशाला?" अगदी माझ्यावर गेलीय. विचारल्याशिवाय कळतं का काही?

हॉस्टेलच्या पोरीला विचारलं, एर्मेस पारोदी यायचा ना इथे? एकटा, की कुणी असायचं बरोबर? "काकू, आम्ही पाहुण्यांबद्दल असं सांगत नाही." नाही सांगत! म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

५ नोव्हेंबर

धुकं. हातभर पुढचं दिसत नाही. कमानींखालून नुसती हिंडतेय. मनोरा, चौक, तळं, पुन्हा तोच चौक. प्रत्येक पन्नाशीची बाई मला नोएमी दिसते.

दुपारी तोर्तेल्ली खाल्ले, भोपळा भरलेल्या उकडलेल्या करंज्याच जणू. सारण गोड! वर लोणी आणि चीज. हा घरी एकदा म्हणाला होता, "भोपळ्यात बदामाची बिस्किटं चुरून बघ ना." मी म्हटलं, हे कुठे खाल्लंस? कुणाकडे? कधी? तर म्हणे, जाऊ दे. इथेच खाल्लं होतंस होय, लबाडा! चव इतकी सुरेख की रागारागाने दुसरी बशी मागवली.

पाववाल्याने पत्ता दिला. "नोएमी? तळ्याकडच्या गल्लीतली खाणावळ. तिच्या हातचं एकदा खाल तर घर विसराल."

हो, माहितीय.

६ नोव्हेंबर

पाहिली. पन्नाशीची, तांबूस गाल, दंडापर्यंत बाह्या सरसावलेल्या, सगळ्यांशी हसून बोलते. बोटात अंगठी नाही. तेच मी आधी बघितलं.

कोण ते सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं. जेवले, मग बदामाचा तो भुसभुशीत केक मागवला — स्ब्रिझोलोना. थाळीएवढा, दगडासारखा. मी सुरी मागितली, तर सगळी खाणावळ वळून बघायला लागली.

"सुरी? बाई, तुम्ही कुठल्या? हा मुठीने फोडायचा!" म्हणाली, आणि दाणकन मूठ मारली. तुकडे माझ्या मांडीवर.

नाताळात एर्मेसने असाच केक फोडला होता. पाहुण्यांसमोर! तुकडे वेचताना मी म्हटलं होतं, हे जंगली वळण कुणी लावलं?

आता कळलं कुणी लावलं.

७ नोव्हेंबर

गेले नाही. गेले असते तर तिला चावले असते.

८ नोव्हेंबर

गेले. रुमाल पर्समध्ये.

चुलीपाशी एक म्हातारा उभा होता. हातात सूपचा वाडगा, त्यात लाल वाईन ओतलेली. सगळ्यांकडे पाठ करून हळूहळू पीत होता. पहिल्या वर्षी परत आल्यावर एर्मेसने हेच केलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. कुणी शिकवलं? कुणी शिकवलं? संध्याकाळभर विचारत राहिले. त्याने वाडगा मोरीत रिकामा केला. पुन्हा कधी घेतला नाही.

मी रुमाल नोएमीपुढे आपटला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझंच. टेबल राखायला नंबर दिला होता, एका सुताराला." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही सावोनाच्या? एर्मेसच्या घरच्या? यंदा आला नाही तो. त्याची खुर्ची मी चार दिवस धरून ठेवलीय."

"वारला," मी म्हटलं.

ती मटकन बसली. डोळे पुसले. त्या डोळ्यांचाही मला संशय आला, खोटं कशाला लिहू! विचारलंच, "काय होतं तुमच्यात?"

"आमच्यात?" रडता रडता हसलीच ती. "अहो, अकरा वर्षांत त्याचे वीस शब्द ऐकले नसतील मी. दिवसभर गावात भटकायचा, जेवायला इथे. आमच्या खाणावळीत जुनी रीत आहे. सूप-वाईनवाला पाठ करून उभा राहिला, की वाडगा संपेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. बाकीचे एक वाडगा घेतात. हा तीन घ्यायचा, एकामागून एक."

"तीन? कशाला?"

"मीही विचारलं होतं एकदा. एवढं आवडतं का रे आमचं सूप? तर म्हणाला, सूप चांगलंय. पण इथे कुणी काही विचारत नाही."

मी तोंड उघडलं. अजून विचारायचं होतं, खूप. मिटलं.

माझ्याबद्दल काही बोलला का, तेही विचारलं नाही. फार जड गेलं. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

९ नोव्हेंबर

चुलीपाशी उभी राहिले, सगळ्यांकडे पाठ करून. एक वाडगा. मग दुसरा. कुणी बोललं नाही. तिसरा मागवला.

बाहेर आले तर लोरेदानाचे सात फोन. "आई, आहेस कुठे? कोण आहे बरोबर? खरं सांग!"

मिलानला आहे म्हटलं. हत्यारांचं प्रदर्शन बघतेय.