टेबलाच्या ड्रॉवरमधली किरकिर

३ मार्च
कॉम्प्युटरवर फोनचं सॉफ्टवेअर टाकलं. लेक परदेशात, दिवस भरत आलेले. मोबाइलवर बोलायची मला किळस येते. आवाज चिरका, वर ती घामट काच गालाला लावायची. मी आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं आहे, मला खरखर चालत नाही. नवा माइकवाला हेडफोन घालून लेकीशी बोललो. आवाज स्वच्छ. तिला बजावलं, बाळाची बातमी पहिली इथेच आली पाहिजे, मोबाइलवर नाही. ती म्हणाली, बाबा, पहिला फोन तुम्हालाच. भरून आलं. मग मेहुण्याला, म्हणजे हिच्या दादाला, मुद्दाम कळवलं, पहिल्या फोनची आशा त्याने ठेवू नये.

४ मार्च
हिने हेडफोन घालून लेकीशी गप्पा मारल्या. परत मिळाला तेव्हा दोन्ही गाद्यांना डोक्याचं तेल. शी! तीनदा पुसला, वास तसाच. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये टाकला. वायर मात्र कॉम्प्युटरला जोडलेलीच ठेवली. सारखी काढघाल केली की पिन ढिली होते. या गोष्टी खात्यात कळतात, घरबसल्या नाही.
कॉम्प्युटर कायम चालू. मॉनिटर बंद, त्यावर हिने शिवलेलं कव्हर. फोन आला की वाजेलच.

९ मार्च
लेकीचा फोन नाही. ही म्हणाली, आपण करू या. मी म्हटलं, मुळीच नाही. बापाने मागे मागे करायचं नसतं.

१२ मार्च
कव्हर उचलून मॉनिटर लावून पाहिला. फोनच्या चिन्हावर लाल आकडा आलाय. या लोकांना रोज काहीतरी अपडेट करायचा रोग आहे.  बाकी कशालाही हात न लावता मॉनिटर बंद केला, कव्हर घातलं. हात लावला की बिघडतं.

१५ मार्च, दुपार
टेबलात रातकिडा शिरलाय. भर दुपारी किरकिरतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा सुरू. लाकडाच्या आत कुठेतरी त्याचे पाय फिरत असतील, या विचाराने जेवण गेलं नाही. ही म्हणाली, ड्रॉवर उघडून तरी बघा. मी म्हटलं, उघडला आणि अंगावर उडाला तर? घरात स्वच्छता नसली की हेच होणार. त्यावर ती तरातरा गच्चीवर निघून गेली. तेवढीच शांतता.

१६ मार्च
झुरळांचा स्प्रे आणला. ड्रॉवरच्या फटीत नळी घालून अर्धा डबा मारला. घरभर घाण वास. किडा गप्प. अशी कामं निश्चयाने करावी लागतात.

१८ मार्च
किडा जिवंत! उरलेला अर्धा डबा मारला.

२१ मार्च
ही हल्ली मोबाइल घेऊन गच्चीवर जाते. आज खाली येऊन विचारते, लेकीवर रागावला आहात का? मी म्हटलं, मी कशाला रागावू? फोन तिने केला नाही. ही म्हणाली, ती तर म्हणते, रोज करते. म्हणजे मोबाइलवर चोरून बोलणं चालू आहे. मी स्पष्ट सांगितलं, केला असता तर वाजला असता, फोन कसा वाजतो ते मला शिकवू नका. आणि बातमी येईल ती सॉफ्टवेअरवरच, मधल्या कोणाच्या तोंडून मला काही ऐकायचं नाही. ही बरं म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हणायची तिची सवय नाही. पटलं असावं.
पोटची पोर, पण बापाला फोन करवत नाही. या पिढीचा वीट आला आहे.

२६ मार्च
मेहुण्याने मिठाईचा डबा पाठवला. कशाबद्दल ते विचारलं नाही, त्याला काय, घराला रंग दिला तरी मिठाई वाटतो. भयंकर गोड. चार बर्फ्या खाल्ल्या, मळमळलं. हिचे डोळे लाल. बहुतेक स्प्रेचा वास.

२७ मार्च
सकाळपासून किडा पिसाळलाय. चप्पल हातात घेतली, श्वास रोखला आणि ड्रॉवर खेचला.
आत पिशवी. पिशवीत हेडफोन. हेडफोन वाजत होता.
मॉनिटर लावला, हिरवं बटण दाबलं, तो तेलकट, विषाने चिकट झालेला हेडफोन कानावर चढवला. लेकीचा आवाज. मागे तान्हं बाळ रडत होतं. बाबा, हॅलो, बाबा? मी ओरडलो, बोल बाळा, बोल. ती पुन्हा हॅलो म्हणाली. पुन्हा. माइकने डबाभर स्प्रे प्यायला होता, त्याच्यातून काही जाईना. मग ती शेजारच्या कोणाला तरी रडवेल्या आवाजात म्हणाली, आज उचलला, पण बोलत नाहीत. अजून रागावलेच आहेत. फोन बंद झाला.
ही दारात उभी होती. मुलगी झाली, परवा रात्रीच, म्हणाली. तुम्हाला मधल्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले.
हिच्याकडे मोबाइल मागितला. तिने काच पुसून दिला. ती काच गालाला घट्ट लावली. लाइन बिझी.
ही म्हणाली, दादा बोलत असेल, या वेळी रोज बोलतो तो.
पुन्हा लावतोय.