जानकूला कोणी पळवलं?

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३
आज माझ्या जीपमधून बॅग चोरीला गेली. बॅगेसोबत जानकूही गेला.
अक्षर नीट काढतोय. तपासात नोंदी लागतात, टीव्हीवर बघितलंय.

घटना अशी. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो निवडणाऱ्या अकरा बायकांची भिशी. पैसे माझ्याकडे, कारण मी बिनलग्नाचा, दारू पीत नाही आणि त्यांना रोज मार्केटात सोडतो. शुक्रवारी वसुबारसेला वाटप. तीन लाख बारा हजार, निळी रेक्झिनची बॅग. ठकूमावशींच्या घरी पोचवायला निघालो होतो. सोबतीला माझा मित्र जानकू. स्टँडजवळ तो म्हणाला भूक लागली. मी म्हणालो बॅगेकडे बघ, वडापाव आणतो. आलो तर बॅग नाही, जानकू नाही.

निष्कर्ष: चोरांनी बॅग ओढली. जानकूनं सोडली नसणार. म्हणून बॅगेसकट त्यालाच उचलला.
फोन बंद लागतोय. त्याचा वडापाव कागदात बांधून ठेवलाय. सुटका होईल तेव्हा भुकेला असेल.

संध्याकाळी ६
ठकूमावशींना सांगितलं. भिशी त्यांनीच उभी केली. वय अठ्ठावन्न, आवाज लिलावातला. त्या म्हणाल्या, "जानकूला कोन उचलंल? त्यो काय टोमॅटोचा क्यारेट हाय व्हय?"
मी किडनॅपिंगची थिअरी समजावली. त्या म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत बायकांना काही सांगणार नाही, पण जिथं जाशील तिथं मी संगं येणार. माझ्यावर विश्वास आहे म्हणून येतायत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७
संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत जानकू सुखरूप. तंबाखू बंद, डोकं शार्प पाहिजे.

सकाळी १०.३०
येडगाव. जानकूचं घर. त्याची वहिनी म्हणाली, भावजींनी कपडे रविवारीच नेले. दोन पिशव्या, इस्त्रीचे शर्टसुद्धा. रविवार म्हणजे चोरीच्या आदल्या दिवशी. ठकूमावशींनी माझ्याकडे बघितलं.
साधी गोष्ट आहे. त्याला धोक्याची चाहूल आधीच लागली होती. मला टेन्शन नको म्हणून बोलला नाही. तो असाच आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात फिरकला नाही, तुला तसला बघवणार नाही म्हणाला. जीप उभी राहून खराब होऊ नये म्हणून मात्र अकरा दिवस स्वतः चालवली.
वडापावाला वास आला होता. मावशींनी कुत्र्याला घातला.

दुपारी १.१५
मोठा धागा. सावळेराम, जुन्नर लाइनचा जीपवाला, म्हणतो काल दुपारी जानकू त्याच्या जीपमध्ये होता. "एकटाच व्हता. मांडीवर निळी बॅग. जुन्नरपतोर घोरत गेला राव."
गुंगीचं औषध. चोर मागून मोटारसायकलवर असणार. सावळेराम म्हणतो मागं कोणी नव्हतं, पण त्याचा आरसा मला माहीत आहे, त्यात काही दिसत नाही.
तंबाखू घेतली. एकदाच. विचार करायला.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२
जुन्नर. सकाळपासून दुकानं फिरलो, मोबाइलवर त्याचा फोटो दाखवत. फोटोत तो माझ्या जीपच्या बॉनेटवर बसलाय. मी नाही, मी काढलाय.
जिनेश शेठच्या मोबाइलच्या दुकानात ओळख पटली. सोमवारी चोवीस हजारांचा फोन घेतला, रोख. शेठ म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक लई खूश व्हतं. कव्हर फुकट मागितलं, देऊन टाकलं."
कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. चार वेळा बघितलं. मागे कोणी उभं नाही. जानकू मान मागे टाकून हसतोय.
मी म्हणालो, हे जबरदस्तीचं हसू आहे. ठकूमावशींनी विचारलं, तुला कसं कळतं. म्हणालो, पाचवीपासून ओळखतो, तीस वर्षं.
खरं म्हणजे असं मान टाकून तो एकदाच हसलेला मी बघितलाय. मंचरला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, आणि त्यानं मुलीच्या वडिलांना माझं खरं वय सांगितलं. जीप सेकंडहँड आहे तेही. येताना रस्ताभर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसलो. मित्र हसत असताना गप्प बसणं बरं दिसत नाही.
सोमवारी दुकानातून जाताना जानकूनं शेठना घोडेगावची गाडी किती वाजता, असं विचारलं होतं. निघालो.

संध्याकाळी ५.३०
घोडेगाव. चहाच्या टपरीवर लिहितोय. मन भरून आलंय.
इथल्या लॉजमध्ये जानकू सोमवारी आणि काल राहिला. मॅनेजरनं रजिस्टर उघडलं. नाव कुंडलिक. धंदा जीप. गाव येडगाव.
माझं नाव. एवढ्या संकटात माणसाला दुसऱ्या कोणाचं नाव सुचलं नाही. मला समजावं म्हणून खूण सोडली. डोळे पुसायला बाहेर आलो.
मॅनेजर मागोमाग आला. दोन दिवसांचं भाडं राहिलंय, रजिस्टरातले कुंडलिक तुम्हीच का. मी म्हणालो हो, आणि भरलं.
ठकूमावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि पैसे स्वतः दिले. "पी. गार व्हतोय," एवढंच. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी इतकं मऊ बोलल्या, त्याचीच मला भीती वाटली.
मॅनेजरकडून कळलं, अवसरी खुर्दला कॉलेजच्या बाजूला भाड्याचा गाळा मिळेल का, अशी तो चौकशी करत होता. चोरांना अड्डा पाहिजे असेल.
उद्या शेवट. तंबाखू दोनदा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
अवसरी खुर्द. जीपमध्ये बसून लिहितोय.
गाळा सहज सापडला. शटर अर्धं वर, आत नवीन झेरॉक्स मशीन, प्लास्टिक अजून काढलेलं नाही. ठकूमावशींना म्हणालो, चोर आत असतील, तुम्ही जीपमध्येच थांबा. चाक खोलायची टॉमी हातात घेतली आणि वाकून आत गेलो.
जानकू एकटाच होता. स्टुलावर बसून भेळ खात होता.
मी विचारलं, ते कुठं आहेत. तो म्हणाला, कोण? मी म्हणालो, चोर. त्यानं माझ्या हातातल्या टॉमीकडं बघितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "कुंड्या, तुला खरंच कळलं न्हाई व्हय?" म्हणाला.
मग स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि समजावून सांगितलं, पाचवीत भागाकार समजवायचा तसं. वय चाळीस झालं, आपलं काहीतरी पाहिजे. पोरांना झेरॉक्स लागतात. बायका तुला काही करणार नाहीत, तुझ्यावर त्यांचा जीव आहे. तू हप्त्याहप्त्यानं फेडशील. मशीन चाललं की मी तुला थोडं थोडं देईन.
मी विचारलं, लॉजमध्ये माझं नाव का लिहिलंस. तो म्हणाला, "मग काय माझं लिवू?"
अजून एक विचारायचं होतं. तीन दिवस मी तुला शोधतोय, तुला एकदा फोन करावासा वाटला नाही का. तेवढं विचारलं. त्यानं खरंच आठवून बघितलं. मग म्हणाला, "तुझा नंबर नव्या फोनमदी घ्यायचा ऱ्हायला."
खोटं बोलला असता तरी चाललं असतं. मी विश्वास ठेवला असता.
त्यानं भेळेचा कागद पुढे केला. मी एक घास खाल्ला. का खाल्ला माहीत नाही.
शटरखाली पाय दिसले. ठकूमावशी आत आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. बॅग कोपऱ्यातून उचलली, उघडली, उरलेल्या नोटा मोजल्या. दीड लाखाला थोडे कमी. जानकू त्यांना मावशी मावशी करू लागला. त्यांनी त्याच्याकडे न बघता फोन काढला आणि मला विचारलं, "पोलिस बोलवू का न्हाई? तू सांग."
त्यांनी मला का विचारावं? पैसे त्यांचे. जानकू माझ्याकडे बघत होता, आता मी काहीतरी जुळवून घेईन अशा नजरेनं. त्या नजरेला मी तीस वर्षं मैत्री समजत होतो.
बोलवा, म्हणालो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११
सकाळी मार्केटात सगळ्या जणींना ठकूमावशींनी सगळं सांगितलं. मीही शेजारी उभा होतो. एक जण रडली, तिच्या पोरीची फी होती. मी म्हणालो जीप विकतो. ठकूमावशी म्हणाल्या, "इकू नको. मशीन इकून काय येतंय ते बघू. बाकी आमाला मार्केटात ने-आण कर, फिटंल तवर. पन आता पैसं माझ्याकडं ऱ्हातील." कोणी वाईट बोललं नाही. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुपारी २
चौकीत जबाब दिला. सगळं सांगितलं. वडापाव, रविवारचे कपडे, लॉज. किडनॅपिंगचं गाळलं.
हवालदारानं विचारलं, आरोपीशी तुमचं नातं काय?
मी पाणी मागितलं. प्यायलो. भाऊ म्हणायचं तोंडावर आलं होतं, मग मित्र आलं.
"ओळखीचा," म्हणालो.
त्यानं ते लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला.