चारूला सगळं कळतं

२३ ऑक्टोबर, पांढरकवडा
दिवाळी आटोपली. चारुदत्त हैदराबादला परत गेला. दीडच दिवस होता, पण क्वालिटी टाइम. जाताना माझ्या छातीवर एक पट्टी चिकटवून गेला. मऊ, रबरासारखी ताणणारी. ठोके, ताप, झोप सगळं मोजते. जरा बिघडलं की मोबाईलवर अलर्ट. म्हणजे आता माझं काळीज चोवीस तास मुलाच्या डोळ्यांसमोर. मंजुषा असायला हवी होती. मुलगा दूर गेला म्हणून किती रडली होती!

२६ ऑक्टोबर
फोन नाही. साहजिक आहे. सगळं दिसतंय तर विचारणार काय? जेवलात का, झोपलात का, नुसती फॉर्मॅलिटी.

१ नोव्हेंबर
फोन नाही. रीडिंग फारच नॉर्मल जात असणार. दोष माझा. उद्या थोडी हालचाल करायची. फक्त मशीन चेक करायला.

२ नोव्हेंबर
गच्चीचा जिना भराभरा चढलो, उतरलो, परत चढलो. धाप लागली. फोन हातात धरून बसलो. फोन नाही, नंदाबाई आली. पोळ्या करून सकाळीच गेली होती. म्हणे, ‘काका, बरं वाटून राह्यलं ना?’ म्हटलं, मले काय धाड भरली? पाणी देऊन, पंखा लावून तासभर बसली. नेमका चारूचा फोन आला असता तर हिच्यासमोर बोलायची पंचाईत.

९ नोव्हेंबर
केळापूरच्या देवीला पायी निघालो. हेतू दर्शनाचा. पळत गेलो हा योगायोग. वाटेत फोन वाजला. नंदाबाई! ‘कुठी हायत, काका?’ ऑटो घेऊन आलीच. बाई अतीच करते. समज द्यावी लागेल.

१६ नोव्हेंबर
आज खरंच धडधडलं. मी काहीच केलं नव्हतं. मंजुषाचा स्वेटर उन्हात टाकायला काढला, तेवढंच. नंदाबाई कणकेच्या हातांनी धावत आली. चिडून विचारलं, तुले कसं कळते गं? तिनं मोबाईल दाखवला. पट्टीचा अलर्ट. ‘चारूभाऊनंच दिवाळीले माया नंबर टाकला. म्हने, मी मीटिंगमंदी राह्यतो, तुमी जवळ हायत.’
बरोबर आहे. प्रॅक्टिकल मुलगा. हैदराबादहून पाणी थोडंच देणार? मला वाईट वाटलं नाही. जेवलो नाही, ते पोट जड होतं म्हणून.
वाईट वाटलं. फार वाटलं.

२० नोव्हेंबर, सकाळ
चारूचा फोन! स्वतःहून! नंदाबाई लेकीच्या बाळंतपणाला ढाणकीला चालली, आता अलर्टला दुसरा नंबर हवा. म्हटलं, तुझाच टाक की. म्हणाला, बाबा, माझा दिवसभर सायलेंटवर असतो, जवळचं कुणी सांगा. म्हटलं, अरे, लाइन लागेल! अख्खं पांढरकवडा ओळखतं मला.

संध्याकाळ
मोबाईलमधली नावं चाळली. जुना मित्र भारत नागपूरला मुलीकडे गेला. ऑफिसातला पूनमसिंग मागच्या वर्षी वारला, नंबर तसाच आहे. पुढे गॅसवाला, मग दूधवाला.
शेवटी एक नंबर कळवला. चारू म्हणाला, बाबा, हा तर तुमचाच आहे. म्हटलं, जवळचा मागितलास ना.
ओके म्हणाला. टाकला.